न वाचलेले: शून्य

"हेमलताबाई, ते पंजाबच्या हुकांचं जुनं कोटेशन काढा बरं जरा. परत माल मागवायचाय," अण्णांनी आतल्या केबिनमधून सांगितलं. मी मेलमध्ये शोधायच्या चौकटीत त्या कारखान्याचं नाव टाइप केलं.

कोटेशन सापडलं, पण ते बरंच खाली होतं. त्याच्या वरच्या भावपत्रकांच्या ढिगात एक वेगळाच मेल होता. त्याचं शीर्षक मोठ्या इंग्रजी अक्षरांत होतं. तातडीचे, बॅच ४७१ चे हूक वापरू नयेत. तारीख मागच्या मंगळवारची, वेळ संध्याकाळी पाच चाळीसची.

मी तो उघडला. आत चारच ओळी होत्या. या बॅचचं पोलाद तापवताना भट्टीत गडबड झाली आहे. वजन पडल्यावर हूक काही कल्पना न देता तुटू शकतात. विकलेला माल ताबडतोब परत बोलवावा. मेल मिळाल्याचं कळवावं.

आज गुरुवार होता. मेल येऊन नऊ दिवस झाले होते.

आमचा कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या दोन शेडांचा. तिथे उंचावर काम करणाऱ्या माणसांसाठी सेफ्टी बेल्ट शिवले जायचे. टॉवर रंगवणारे, विजेच्या खांबांवर चढणारे, पवनचक्क्यांची दुरुस्ती करणारे आमचे बेल्ट वापरायचे. जाड पट्टे आमच्या बायका मशीनवर शिवत आणि लोखंडी हूक बाहेरून येत. माणूस वर असताना त्याचा सगळा भार शेवटी त्या हुकावरच असतो.

मला तिथे लागून सात महिने झाले होते. मधली नऊ वर्षं मी घरी होते, मुलीचं आणि सासूबाईंच्या आजारपणाचं करत. नोकरीची सवय मोडली होती, आपल्याला आता काही जमेल की नाही अशी धाकधूक होती. पहिल्या दिवशी मालक भानुदास फडतरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी मला कंप्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "हा उकिरडा तेवढा साफ करा."

मेल चौदा हजारांवर होते, त्यातले अकरा हजार न उघडलेले. ऑर्डरी, तक्रारी, बँकेची पत्रं, दिवाळीच्या शुभेच्छा, खुर्च्यांच्या जाहिराती, सगळं एकाच ढिगात. एका गिऱ्हाइकाने चार वेळा ऑर्डर पाठवली होती आणि पाचव्या मेलमध्ये चिडून दुसरीकडून माल घेतल्याचं कळवलं होतं. यातलं एकही पत्र कुणी पाहिलं नव्हतं.

दोन महिने मी तेच करत होते. कप्पे केले. गिऱ्हाइकांचा, पुरवठादारांचा, सरकारी कागदांचा आणि जाहिरातींचा. मग नियम लावले, म्हणजे अमक्याकडून आलेला मेल आपोआप अमक्या कप्प्यात जावा. पंजाबचा तो कारखाना एक दिवसाआड भावपत्रकं आणि सणासुदीची चित्रं पाठवायचा, म्हणून त्याचे मेल मी सरळ जाहिरातींच्या कप्प्यात पडतील असं केलं. समोर फक्त कामाचं तेवढं दिसायला लागलं. अण्णा येऊन पडद्याकडे बघत उभे राहिले. "अहो, हे आपलंच ऑफिस आहे का?" म्हणाले.

मग मला चेव आला. मी भिंतीवर एक पांढरा फळा लावला आणि त्यावर लिहिलं, 'न वाचलेले'. त्याच्या पुढे रोज आकडा लिहायचा. कुठल्याच कप्प्यासमोर आकडा उरता कामा नये, रोज शून्य झालं पाहिजे, असा दंडक घातला.

मी दहाला यायची आणि मुलीच्या शाळेमुळे साडेतीनला निघायची. माझ्यानंतरचे आणि सकाळचे मेल सर्जेराव भिलारे बघत. सर्जेकाका कारखाना सुरू झाला तेव्हापासून स्टोअर सांभाळत होते. सत्तावन्न वर्षांचे होते. नऊ वाजता येऊन कुलूप तेच काढायचे. कुठला पट्टा कुठल्या रोलमधून कापला हे त्यांना वर्षभरानंतरही आठवायचं. मी त्यांना दोन आठवडे शिकवलं. न उघडलेला मेल ठळक दिसतो, उघडला की अक्षरं बारीक होतात, कामाचा असेल तर चांदणी लावून ठेवायची. त्यांनी एका वहीत सगळं उतरवून घेतलं. तिसऱ्या आठवड्यापासून मी सकाळी आले की फळ्यावर शून्य लिहिलेलं असायचं. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो फळा दाखवायचे.

आणि आता हा मेल. जाहिरातींच्या कप्प्यात, बारीक अक्षरांत. म्हणजे उघडलेला.

मला पहिल्यांदा हेच सुचलं की नियम लावताना मी 'वाचलेला म्हणून खूण करा' या चौकटीतही टिचकी मारली असणार. त्यामुळे तो आला, बाजूला गेला आणि आपोआप वाचलेला झाला. माझ्या हातून झालं. आणि मग मी जे केलं ते आज लिहितानाही बरं वाटत नाही. मी मेलवर उजवी टिचकी मारली आणि 'न वाचलेला' असं निवडलं. अक्षरं परत ठळक झाली. जणू तो आत्ताच येऊन पडला होता.

मग मी अण्णांना हाक मारली.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. त्यांचं लक्ष तारखेकडे गेलं नाही, मजकुराकडे गेलं. "कधी आला?"

"मी आत्ताच पाहिला," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

अण्णांनी सर्जेकाकांना बोलावलं. "चारशे एकाहत्तरचे हूक कुठे कुठे गेले?"

सर्जेकाकांनी डोळे मिटले आणि दहा सेकंदांत सांगितलं. "बेचाळीस बेल्टांना लावले. बारा आपल्याकडं हायत, बावीस कराडला टॉवरवाल्याकडं गेले. आठ वर पठारावर, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवाल्यांकडं. का, काय झालं?"

अण्णांनी सांगितलं. सर्जेकाका तसेच वळले. स्टोअरमध्ये गेले आणि बारा बेल्ट उचलून अण्णांच्या टेबलावर आणून टाकले.

कराडचा माणूस फोनवर लगेच सापडला. त्याचा माल अजून गोणीतच होता. पठारावरच्या ठेकेदाराचा फोन मात्र लागेना. त्यांचे सगळे व्यवहार मेलवर चालायचे. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसला मी मेल पाठवला, शीर्षकात तीन वेळा 'तातडीचे' लिहून. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. मी उडी मारूनच ते उघडलं. 'मी सोमवारपर्यंत रजेवर आहे. आपल्या मेलबद्दल आभार.' यंत्राने आपोआप पाठवलेलं उत्तर होतं ते. पठारावरचे सुपरवायझर मुजावर, त्यांचा नंबर एका जुन्या मेलच्या तळाशी सापडला. सतत एकच आवाज, संपर्क क्षेत्राबाहेर.

अकरा वाजले. मी तो नंबर लावतच होते. चौदा वेळा लावला असेल.

"आता फोन पुरे. जाऊन या," अण्णा म्हणाले. "मी इथून पुण्याला कुणी सापडतंय का बघतो, पंजाबवाल्यालाही धरतो. फोन करायला काय झालं होतं त्यांना?"

"गाडी मी काढतो," सर्जेकाका म्हणाले. "हुकावरचा नंबर मला दिसतो चटकन." निघताना ते स्टोअरमध्ये परत गेले आणि नमुन्याच्या कपाटातले चार जुने बेल्ट घेऊन आले. त्यांना आधीच्या लॉटचे हूक होते, तपासून पास झालेले. मला ते का घेतले ते तेव्हा कळलं नाही.

कारखान्याची ओम्नी घाटाला लागली की रडायची. सर्जेकाका दुसऱ्या गिअरवर तिला दामटत होते. मी दर वळणाला फोनकडे बघत होते. सिग्नलची एक काडी यायची, मी नंबर लावायची, काडी जायची. बोलल्याशिवाय मला बसवत नव्हतं.

"आज वर काम नसेलही काका. वारा किती आहे."

"वारा न्हाई तर पवनचक्क्या कशाला बसवल्या असत्या तिथं?"

मग समोरच बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, त्यो मेल आला कधी होता?"

त्यांच्याशी मला खोटं बोलता येईना. "मागच्या मंगळवारी."

"सकाळी?"

"संध्याकाळी. मी गेल्यावर. पावणेसहाच्या सुमारास."

त्यांनी गिअर बदलला. तो नीट पडला नाही, गाडीने आचका दिला.

"चूक माझी आहे काका," मी म्हणाले. "त्यांच्या मेलसाठी मी नियम लावलाय ना, त्याने तो जाहिरातींत गेला. वर वाचलेला म्हणून दिसत होता. कुणाच्या नजरेला पडणारच नव्हता. अण्णांना मी तारीख सांगितली नाही."

"हं," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना माझा राग आलाय. मी पुन्हा नंबर लावला.

पठारावर पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. वाऱ्याने गाडीचं दार उघडवेना. जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या गरगरत होत्या, पन्नास-साठ तरी असतील. रस्त्याच्या कडेला मेंढ्या घेऊन चाललेल्या एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "माणसं असतील तिथली चक्की बंद असती. थांबलेली शोधा."

आम्ही थांबलेली शोधायला लागलो. मी एका खिडकीतून, ते दुसऱ्या. सगळ्या फिरणाऱ्या पात्यांमध्ये न फिरणारं पातं शोधताना डोळ्यांना अंधारी येते. मैलभर पुढे गेल्यावर सर्जेकाकांनी ब्रेक दाबला. "ती बघा."

तिची तिन्ही पाती थिजल्यासारखी उभी होती. खाली एक जीप होती. आणि वर, खांबाच्या टोकाला जी मोठी पेटी असते तिच्या छपरावर, दोन ठिपके हलत होते. एक पिवळा, एक निळा, आणि दोघांवरही केशरी रेघ. आमच्या बेल्टांचे पट्टे केशरी असतात.

इरफान मुजावर जीपच्या आडोशाला डबा उघडून बसले होते. चाळिशीचे, शांत माणूस. मी धावत गेले आणि एका दमात सांगितलं. वाऱ्यात त्यांना अर्धंच ऐकू गेलं असेल. सर्जेकाकांनी मागून येऊन फक्त एवढंच विचारलं, "वर गेलेत त्यांनी नवे बेल्ट घातलेत का जुने?"

"नवे. तुमचेच. सोमवारी पेटी फोडली."

"त्यांना सांगा, भार टाकू नका हुकावर. हळू आत जावा."

मुजावरांनी डबा खाली ठेवला. वॉकीटॉकी उचलली. "महादू. ऐकतोयस? काम थांबवा. हूक काढू नका, पण त्याच्यावर लोंबकळू पण नका. रांगत झाकणापाशी या. एकेक जण. घाई नाही."

वरून काहीतरी खरखरलं.

"कशाला ते नंतर सांगतो. रांगत ये म्हटलं ना."

आम्ही तिघं माना वर करून उभे होतो. पिवळा ठिपका आधी सरकला. मग थांबला. वारा आला की तो ठिपका छपराला चिकटल्यासारखा व्हायचा, वारा कमी झाला की वीतभर पुढे. तो दिसेनासा झाला. मग दुसरा. त्याला जास्त वेळ लागला, कारण त्याच्याजवळ हत्यारांची पिशवी होती आणि ती सोडायला तो तयार नव्हता. मुजावर त्याला वॉकीटॉकीवर समजावत होते, लहान मुलाला झोपवताना बोलावं तशा आवाजात. शेवटी झाकण लागल्याचं वरून कळलं.

"आत आले," मुजावर म्हणाले आणि गाडीच्या चाकाला टेकले. "पण उतरणार कसे? आतल्या शिडीने सत्तर मीटर उतरायचं, तेही हूक लावूनच. जुने बेल्ट तर आम्ही जाळून टाकले. नियमच आहे तसा."

तेव्हा सर्जेकाकांनी ओम्नीचं मागचं दार उघडलं आणि ते चार बेल्ट काढले. मला काही सुचत नव्हतं त्या वेळी, निघतानाच, त्यांना हे सुचलं होतं.

सामान वर चढवायला पेटीत साखळीची कप्पी असते. महादूने साखळी खाली सोडली, आम्ही पोत्यात बेल्ट बांधले, पोतं डोलत डोलत वर गेलं. पुढची चाळीस मिनिटं खांबाच्या पायथ्याशी असलेल्या लोखंडी दाराकडे बघण्यात गेली. दार उघडलं आणि दोन माणसं बाहेर आली. महादू नावाचा मोठ्या मिशांचा एक, आणि दुसरा त्याचा मेहुणा. दोघांनाही काय झालं होतं ते नीट कळलेलं नव्हतं. महादूने आधी पाणी मागितलं, मग त्याच्या बायकोने दिलेल्या भाकरीचं गाठोडं शोधायला लागला.

उरलेले सहा बेल्ट जीपमधल्या पेटीतच होते; काढलेले दोन त्यांनी खांद्यावर आणले होते. सर्जेकाकांनी ते घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रत्येकाच्या दोन-दोन हुकांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. तिसऱ्या हुकावर नख अडकलं. त्यांनी तो उन्हात धरला. वाकणाच्या आतल्या बाजूला केसाएवढी रेघ होती.

"हा कुणाचा?"

"माझा," महादूचा मेहुणा म्हणाला.

सर्जेकाका चालत चालत ओम्नीच्या पलीकडे गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेले तर ते जमिनीवर बसले होते. हूक हातातच होता.

"मॅडम, तुमच्या नियमानं काही झालं न्हाई," ते म्हणाले. "त्यो मेल मी उघडला होता."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"जाहिरातीच्या कप्प्याम्होरं एक आकडा दिसत होता. उघडला, बंद केला. फळ्यावर शून्य लिव्हलं." ते थांबले. "मला इंग्रजी वाचता येत न्हाई. नावं वळखतो. कराडचा, पुण्याचा, बँकेचा, असं चित्रासारखं वळखतो. आतलं काय कळत न्हाई."

"काका, मग मला सांगायचं ना. विचारायचं."

"पैल्यांदा विचारलं होतं दोन-तीनदा. तुम्ही म्हणालात, काका, हे तर सोपंय."

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसं म्हणाले असणार, कारण ते वाक्य माझंच होतं.

"शून्य झालं की अण्णा खूश, तुम्ही खूश," ते म्हणाले. "कंप्युटर येतो म्हणून पोरंबाळं मला भाव द्यायला लागली होती. अण्णांना आता मीच सांगतो."

आम्ही घाट उतरायला लागलो. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. ते रिटायर व्हायला तीन वर्षं होती. अण्णा तापट नव्हते, पण जिवाशी खेळ झाला तर ते कुणाला ठेवणार नाहीत. माझं काय, मी सात महिन्यांची. मला दुसरी नोकरी मिळेल. असं मी स्वतःला समजावत होते आणि त्यात मला आपण मोठ्या मनाच्या आहोत असंही वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

चार वाजता कारखान्यात पोचलो. मुलीला त्या दिवशी शेजारच्या बाईंनी आणलं. अण्णा दारातच उभे होते. दोन्ही माणसं सुखरूप आहेत हे ऐकल्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवला आणि आत गेले. आम्ही मागोमाग.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "मेल मंगळवारी आला होता. पाहिला कसा नाही कुणी?"

सर्जेकाकांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलले.

"माझी चूक, अण्णा. मी लावलेल्या नियमामुळे तो जाहिरातींत गेला, आणि येताच वाचलेला म्हणून धरला गेला. काकांना दिसण्यासारखा नव्हताच."

सर्जेकाका माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अण्णा थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं." आणखी काही नाही. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा तो नियम उघडून पाहिला. 'वाचलेला म्हणून खूण करा' ही चौकट रिकामी होती. तिच्यात मी कधी टिचकी मारलीच नव्हती. फळ्यावर त्या दिवशी आकडा लिहिलेला नव्हता. सर्जेकाका स्टोअरमधून बाहेर आले नाहीत. चहाला आले नाहीत. मी हुकांचा हिशेब विचारायला गेले तर त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि पट्ट्यांचे रोल मोजत राहिले.

"काका, झालं ते झालं," मी म्हणाले.

त्यांनी मोजणं थांबवलं नाही. रोल संपल्यावर म्हणाले, "मी सांगतो म्हणालो होतो. तुम्ही माझं बोलणं घेतलंत."

तो दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. त्यांच्यावर उपकार केले असं मला वाटत होतं, आणि ते माझ्याकडे असे बघत होते जसं मी त्यांच्या खिशातून काही काढलंय. एकदा त्यांचा राग यायचा, एकदा माझा. मेल उघडायची, तोच मेल तीनदा वाचायची, कुठल्या कप्प्यात टाकावा ते कळायचं नाही.

शनिवारी साडेदहाला अण्णांनी बोलावलं. आत सर्जेकाका बसले होते. खुर्चीत, टेकून नाही, पुढे सरकून.

"हे सकाळी कुलूप काढायच्या आधीच माझ्या घरी आले होते," अण्णा म्हणाले. "मेल यांनी उघडला म्हणतात. तुम्ही म्हणता नियमाने झालं. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?"

मी सर्जेकाकांकडे पाहिलं.

"हेमलताबाई, मी गुरुवारी दुपारीच पंजाबला बोललो होतो. मी त्याला झापलं, फोन का केला नाहीस म्हणून. तर तो म्हणाला, साहेब, ज्यांनी मेल उघडला नाही त्यांना आम्ही फोन केले. तुमच्याकडे तर बुधवारी सकाळी नऊ बाराला उघडल्याचं आम्हाला दिसलं. म्हणून तुमचं नाव यादीतून काढलं."

नऊ बाराला. मी दहाला यायची.

म्हणजे गुरुवारी मी त्या टेबलासमोर उभी राहून जे बोलले ते खोटं आहे हे अण्णांना तेव्हाच माहीत होतं. आणि आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. मेल न उघडता नुसता पडून राहिला असता, तर त्या माणसाने फोन केला असता. मागच्या बुधवारीच. महादू आणि त्याचा मेहुणा त्या छपरावर गेलेच नसते.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?" मी विचारलं.

"बघत होतो, कोण आधी बोलतं."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. सर्जेकाकांनी पठारावर काय सांगितलं ते. आणि त्यांना माहीत नव्हतं तेही. मेल सापडल्यावर मी तो परत 'न वाचलेला' केला होता. हे ऐकल्यावर सर्जेकाकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. आम्ही एकाच बाकावरचे होतो, असं काहीसं होतं ते.

"मी सोमवारपासून येत नाही," मी म्हणाले.

"मला पण स्टोअरच बरं," सर्जेकाका म्हणाले. "त्यो कंप्युटर द्या दुसऱ्या कुणाला."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. बाहेर शिलाईची मशीनं चालू होती.

"दुसरा कोण आणू?" ते म्हणाले. "जो येईल तोही फळा बघून शून्यच करेल. तुम्हाला दोघांना निदान त्याची भीती तरी बसली आहे." मग ते माझ्याकडे वळले. "मेल सर्जेरावच उघडतील. पण जो कळणार नाही, तो ते बंद करणार नाहीत. तुम्हाला हाक मारतील. तुम्ही उठायचं आणि काय लिहिलंय ते सांगायचं. दिवसात कितीही वेळा. सोपं आहे असं म्हणायचं नाही. आणि तो फळा आजच उतरवा."

फळा मीच उतरवला. त्याच्या मागे भिंतीचा रंग निराळा दिसत होता.

सोमवारी मी पावणेदहालाच गेले. सर्जेकाका कंप्युटरसमोर बसले होते, वही शेजारी उघडी. माझं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी पर्स ठेवते न ठेवते तोच त्यांचा आवाज आला, घसा खाकरून काढलेला.

"मॅडम, जरा येता का?"

गेले. खुर्च्यांची जाहिरात होती. सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी जागेवर जाऊन बसले.

"मॅडम."

कुरिअरचा नंबर होता. मग बँकेच्या सुट्टीचं पत्र. मग कोल्हापूरच्या एकाला पट्ट्याची रुंदी हवी होती. मग पुन्हा खुर्च्या. प्रत्येक वेळी हाक मारताना त्यांचा आवाज थोडा आत ओढल्यासारखा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी उठताना माझ्या कपाळावर आठी यायची, ती मला जागेवरून त्यांच्यापर्यंत जाईतो पुसायला लागायची. आठवा मेल, नववा मेल. त्यांना 'रजेवर आहे' म्हणजे काय ते दोन वेळा सांगावं लागलं. मला माझं स्वतःचं काम सुचेना. मशीनवरच्या बायका दारातून डोकावून जात होत्या. बारापर्यंत मी सतरा वेळा उठले.

अठराव्या वेळी ते हाक मारायचे थांबले. मी वर पाहिलं. ते पडद्याकडे बघत बसले होते, माऊसवर हात ठेवून, आणि त्यांचा हात हलत नव्हता. मेल बंदही करत नव्हते आणि मला बोलवतही नव्हते.

मी उठले, माझी खुर्ची उचलली आणि खोली ओलांडून त्यांच्या टेबलाशी नेली. ते बाजूला सरकले. मी बसले आणि म्हणाले, "वाचा काका, तुम्हाला यातलं काय काय ओळखता येतंय ते आधी सांगा."

त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.